चार मिनिटे पुढे

मृत्युपत्राला हात घालण्यापूर्वी एक तक्रार नोंदवून ठेवतो. या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरचे आजचे पान कोणीतरी भरदुपारीच फाडून टाकते आणि मला रोजची संध्याकाळ उद्याच्या तारखेत काढावी लागते. बायको म्हणते, वारा. जेवणे झाल्यावर येऊन नेमके एकच पान नेणारा वारा मी अजून पाहिलेला नाही.

तर मी, खाली सही करणारा, वय वर्षे छप्पन्न, धंदा घड्याळदुरुस्ती, शाळेत संस्कृतचे पहिले बक्षीस मिळवलेला आणि पुढे त्याचा कवडीचा उपयोग न झालेला, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. (हे ज्याचे त्यानेच सांगायचे असते, यातच काहीतरी गोम आहे.) माझ्यावर कोणाचे दडपण नाही. येत्या मंगळवारी हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे काही कारण नाही, आणि मग जवळचे नातेवाईक कोण, हे दोनदा विचारून घेतले.

संस्कृतात भविष्यकाळ दोन: एक साधा, आणि एक ‘आज नक्कीच नाही’ असा. कयामतीचा, शेवटच्या हिशेबाचा दिवस मी आजवर दुसऱ्यात ढकलत आलो. मंगळवारामुळे तो पहिल्यात आला आहे.

कलम पहिले. घर आणि बँकेतली शिल्लक. इथे मला फारसे बोलायला जागाच नाही, कारण वारसांचे हिस्से कुराणात ठरलेले आहेत. बायको, लेक आणि धाकटा भाऊ, ज्याचे त्याला मिळेल. भावाला मी आपणहून काही दिले असते का, हा प्रश्न वरच्यानेच निकालात काढला, बरे झाले. मात्र माझे डोळ्याला लावायचे भिंग त्याने अकरा वर्षांपूर्वी ‘दोन दिवसांसाठी’ नेले आहे. तो घड्याळे दुरुस्त करत नाही. एवढी वर्षे त्यातून काय न्याहाळतो आहे ते सांगावे आणि भिंग लेकीला द्यावे.

कलम दुसरे. माझ्या मर्जीने मला फक्त एक तृतीयांश देता येतो. त्यातून दुकानाचा गाळा, चिमटे, बारीक पेचकस, तेलाच्या सुया आणि कामाचे टेबल हे सारे आमच्या मशिदीत पूर्वी अजान देणाऱ्या माणसाला द्यावे. त्याचे माझे नाते काही नाही. नात्यातले लोक कारण विचारणार, म्हणून ते सविस्तर लिहितो.

मशिदीतले घड्याळ मी दर शुक्रवारी माझ्या खिशातल्या घड्याळाशी ताडून बघतो. हा मान वडिलांपासून आमच्याकडे आहे. मागच्या वर्षी लोक कुरकुरू लागले, की मावळतीची अजान होते तेव्हा समोरच्या गच्चीवर ऊन असते. सूर्य बुडण्याआधी पढलेली मगरिबची नमाज धरली जात नाही, म्हणजे गोष्ट साधी नव्हती. माझा संशय लगेच अजान देणाऱ्यावर गेला. संध्याकाळी नमाज आटोपली की तो बेकरीत कणीक मळायला जात असे. त्याला घाई असणार, तोच काटा पुढे सरकवत असणार. शुक्रवारी पाहावे तर घड्याळ माझ्या घड्याळाशी तंतोतंत जुळे. दुसऱ्या कोणी यावरून त्याला निर्दोष मानले असते. मी म्हटले, बघा किती पोचलेला आहे, मी यायच्या आधी काटा मागे घेतो.

हे मी मशिदीच्या कमिटीपुढे, भरल्या लोकांत, माईकवर बोललो. तो एवढेच म्हणाला, की घड्याळाला मी हात लावत नाही, अंगठ्याला कायम पीठ असतं. लोक हसले. एकोणीस वर्षांची त्याची जागा गेली. नव्या माणसाच्या अजानेच्या वेळीही ऊन गच्चीवरच होते, तेव्हा मी नव्याकडेही वाकड्या नजरेने बघू लागलो.

मग एक दिवस बायको दुकानात रेडिओ घेऊन आली. म्हणाली, “रेडिओच्या बातम्या आत्ता लागल्या. तुमच्या घड्याळांच्या कधीच संपल्यात.”

खिशातले काढून पाहिले, तेही चार मिनिटे पुढे. दुकानातले भिंतीवरचे घड्याळ वडिलांनी मुद्दाम चार मिनिटे पुढे ठेवलेले. दुकानाची फळी लावून जमात, म्हणजे सगळ्यांबरोबरची नमाज, गाठता यावी म्हणून. मला हे लहानपणापासून ठाऊक. पण खिशातले घड्याळ एका शुक्रवारी बंद पडले, ते मी उघडले, साफ केले आणि समोर दिसले त्या घड्याळावर लावले. चार वजा करायचे राहून गेले. मग त्यावर मशिदीचे लावले. तीन घड्याळे सहा महिने एकमेकांची ग्वाही देत होती आणि तिन्ही खोटी होती.

मशिदीचे घड्याळ मी गुपचूप दुरुस्त केले. इमामसाहेबांना विचारले, एखाद्या घड्याळवाल्याच्या हातून असे झाले तर? ते म्हणाले, त्या एखाद्याला सांगा, अल्लाह स्वतःचा हक्क माफ करतो, माणसाचा हक्क माणसाकडेच मागावा लागतो. आणि लोकांच्या नमाजा बाकी राहिल्या असतील तर त्यांना कळायला हवं. मग ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मी बेकरीच्या जिन्यात त्याला गाठून माफी मागितली. त्याने हात पुसले.

“आरोप माईकवर केलात,” तो म्हणाला, “आणि माफी जिन्यात मागताय?”

मी एक पायरी खाली उतरलो.

“नाहीतर कयामतीला भेटूच,” तो म्हणाला. “तिथं तर सगळेच असतील.”

म्हणून कलम तिसरे. माझ्या मागे हे कलम दुसरे मशिदीत माईकवर अक्षरशः वाचावे. सहा महिन्यांच्या मगरिबच्या नमाजा लोकांनी पुन्हा पढाव्यात. गाळा त्याने मला माफ केले तरी द्यावा, नाही केले तरी द्यावा. ही लाच आहे का, अशी शंका मला स्वतःलाही येते.

साक्षीदार: समोरचा शिंपी आणि दवाखान्यातला कंपाउंडर. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. शिंपी म्हणाला, वाचून करू का? मी नको म्हटले. तो म्हणाला, मग नक्कीच काहीतरी आहे.

स्थळ: दुकानाची मागची खोली. वार: बुधवार. सही: घड्याळवाला.

सहीनंतर लिहिलेले, तरी ग्राह्य धरावे. मंगळवारच्या आधी एक शुक्रवार येतो. हे सगळे त्या दिवशी मला स्वतःला उभे राहून वाचता येईल, अडवणारे कोणी नाही. तरीही मी ते मेल्यावर वाचायच्या कागदात घातले आहे. शुक्रवारी मी उठून उभा राहीन की नाही, मला खरेच माहीत नाही.