औषधाविना बरा

मंगळवार, ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. मी ठीक आहे, तुम्हीही सगळे ठीक असाल. हे पत्र घरी न पाठवता तुझ्या फ्रेमच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुझे शेठ ते फोडून वाचणार नाहीत असं धरून चालते.

इकडची खबर म्हणजे माझ्या खोलीची खिडकी अखेर बंद व्हायला लागली. घरमालकीण सुतार आणीना, म्हणून मीच फटीत पुठ्ठ्याची घडी खुपसली. शेजारच्या खोलीतली मुलगी म्हणाली, "एवढं शिकून शेवटी पुठ्ठाच ना?" तेव्हा तुझी आठवण आली. मागच्या खेपेला तू म्हणाला होतास, "मास्तरीणबाई, डोक्यातलं रक्तात कशाला शोधता? आणि सापडलंच तर कळवा, माझं थोडं हरवलंय." ते मी प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं. खूप हसले. कोण म्हणालं ते मात्र सांगितलं नाही.

आई सकाळचं दूध अजून तसंच गोडमिट्ट करते का?

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. मनाचे आजार एकाच घरात पुन्हा पुन्हा का दिसतात, ते आम्ही रक्तातल्या वारशात शोधतो. लोकांच्या घरी जाऊन बसतो, विचारपूस करतो आणि त्या घराचा नकाशा काढतो. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. आजारी असेल तर आकृती आतून काळी भरायची. नाव कुठेच लिहायचं नाही, घराला फक्त आकडा. नव्या माणसाला सरावासाठी आधी स्वतःच्याच घराचा नकाशा काढायला लावतात. मीही काढला. आजोबा काळे, मोठे काका काळे, आत्या काळी. आणि तू. तुझ्या शेजारी, त्याच रेघेला लटकलेलं कोरं वर्तुळ म्हणजे मी.

तुझ्या चौकोनापुढे मी लिहिलं, "औषधाविना बरा, सहा वर्षे." लिहिताना हात जरासुद्धा अडला नाही. घरात आपण हेच बोलतो ना.

सरावाचा तो कागद खऱ्या घरांच्या कागदांत गेला. नाव नव्हतंच, त्यामुळे कोणाला कळायचा प्रश्न नव्हता. काल सगळे जमलेले असताना आमच्या मोठ्या बाईंनी तोच उचलला. काम त्यांच्याच हाताखाली चालतं, आणि त्यांना कशाचं कौतुक करताना मी फारसं पाहिलेलं नाही. त्यांनी तुझ्या चौकोनावर पेन्सिल टेकवली.

"हा बघा. एवढा भरलेला वंश आणि हा गडी गोळीशिवाय सहा वर्षं उभा. याच्या रक्तात काहीतरी राखण करणारं असलं पाहिजे. कोणी पाहिलं हे घर?"

मी म्हटलं, "मी."

"रक्त देतील?"

"विचारते."

एवढंच बोलले. हे घर माझं आहे हे ओठांवर आलं होतं, ते गिळलं. त्यांनी लगेच शनिवार ठरवला. त्या स्वतः येणार, सोबत सिस्टर आणि नळ्यांची पेटी.

संध्याकाळी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "येऊ देत की. साखर तपासायचीय असं सांगू त्याला."

"बाबा, तसं चालत नाही. त्याला विचारायला लागतं."

"मागे त्याला विचारत बसलो तेव्हा काय झालं, विसरलीस?"

मागून आईचा आवाज आला, "तिला म्हणावं, दुधाचं काही बोलू नकोस."

दादा, मी विसरले नाही. तू गोळ्या टाकून दिल्यास आणि पंधरवड्यात नळातून शेजारी बोलायला लागले. तू घरातले सगळे नळ फडक्यांनी आवळून बांधलेस. ज्यांचा तुला संशय होता, त्यांच्याच दारातून आम्ही पाणी भरत होतो. मग दवाखाना. परत आलास आणि पुन्हा म्हणालास, आता गोळी नाही.

तू सोडल्यास. आईने नाही सोडल्या.

ती रोज गोळी कुटते आणि तुझ्या दुधात ढवळते. तेवढी साखर त्यासाठी लागते. बाबांना माहीत आहे. मलाही माहीत होतं.

परक्या माणसाचं चमचाभर रक्त घ्यायचं तर आम्ही त्याला बसवून सगळं समजावतो, नको म्हणायची मोकळीक आहे हे पुन्हा पुन्हा सांगतो. हे काम मला त्याचसाठी आवडतं. आणि घरी?

तू गिऱ्हाइकांना सांगतोस, रोज पुलापर्यंत चाललो, मनाला वळण लावलं, उभा राहिलो. फ्रेमला खिळा ठोकता ठोकता सांगतोस, आणि लोक ऐकतात. तेच मी आज तुझ्याकडून काढून घेते आहे असं वाटतं. पण चाललास तो तूच. दुकानात टिकलास तो तूच. गोळी कोणाचे पाय उचलत नाही.

आज सकाळी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. "घरचे लपवतात हे मला नवीन नाही. पण लपवणारी व्यक्ती माझ्याच टेबलावर बसते?" एवढंच म्हणाल्या. शनिवार रद्द झाला. आपलं घर कामातून काढलं, आणि मला घरभेटींतून. आता नळ्यांवर आकडे चिकटवायचे. किती दिवस, ते विचारायचा धीर झाला नाही.

मग गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, सांगा, पण त्याला एकटं सोडू नका. समोर सांगायला गेले तर आई रडेल आणि मी शब्द फिरवीन, मला माझी खात्री नाही. म्हणून आधी पत्र. शुक्रवारी दुपारी ते तुझ्या हातात पडेल. संध्याकाळी तू शटर ओढशील तेव्हा मी बाहेर उभी असेन. हातात पेटी नसेल. रागावलास तर पुलापर्यंत पुढे चालत राहा, मी मागून येईन. फक्त तोवर कुठे जाऊ नकोस.

शनिवारी सकाळी दूध येईल, बिनसाखरेचं. गोळी बाजूला बशीत असेल. ती घ्यायची की नाही हे तू ठरवशील. घे म्हणून मी भांडेन, पाया पडेन. पण पेल्यात कोणाला टाकू देणार नाही.

आणि एक. उद्या माझ्या नळांतून कोणी बोलू लागलं, तर मला साखर घालून काही देऊ नकोस. सरळ सांग.

तुझ्या शेजारचं, अजून कोरं असलेलं वर्तुळ,
मास्तरीण