चिमणीच्या लेकीला घर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, टेलिफोन एक्स्चेंजची माजी ऑपरेटर, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कुणाच्याही दबावाला न जुमानता हे मृत्युपत्र लिहिते. डाव्या कानाने ऐकू येत नाही. डोकं मात्र ठिकाणावर आहे, असं डॉक्टरांनी लेखी दिलं आहे.

१. माझं दोन खोल्यांचं घर, गळक्या नळासकट, चिमणीच्या मुलीला द्यावं. ती माझ्या रक्ताची नाही, म्हणून माझा पुतण्या कोर्टात जाईल. न्यायाधीशांनी पुढचं नीट वाचावं.

युद्धात आमचे नवरे आघाडीवर गेले आणि एक्स्चेंजच्या बोर्डावर आम्ही बसलो: मी, माझी धाकटी जाऊ आणि सतत चिवचिवणारी, म्हणून जिला सगळे चिमणी म्हणत, ती. एके दिवशी भर दुपारी बॉम्ब पडू लागले. "बायांनो, तळघरात चला!" असं ओरडत साहेब आमच्या आधी तळघरात पोचले. बोर्डावर इस्पितळाचा दिवा लागला होता. चिमणी म्हणाली, "एवढी लाइन जोडते, मग निघू." दिवे लागतच राहिले. तीन तास आम्ही इस्पितळ, बंब, रुग्णवाहिका जोडत होतो. मग खिडकीकडची भिंत आत कोसळली. माझा कान गेला. चिमणी गेली. तिची आठ महिन्यांची मुलगी आम्ही दोघींनी वाढवली.

पदक साहेबांना मिळालं. युद्ध संपल्यावर ते म्हणाले, "आता पुरुष परत आलेत. तुम्ही घरं सांभाळा."

मी विचारलं, "कुणाचे आलेत?"

२. गेल्या वर्षी टेलिफोन खात्याने मला मानपत्र देऊ केलं. त्यात लिहिलं होतं, ‘साहेबांच्या आज्ञेवरून जागेवर राहिल्या.’ खाली माझी सही हवी होती. पुतण्या म्हणाला, "काकू, एक सही तर करायची. मान मिळतोय." मी ‘खोटं’ असं लिहून कागद परत पाठवला. पुतण्याला लोखंडी कपाट ठेवते. तेवढंच.

३. माझ्या अंत्यविधीला खात्याचा हार आला तर आल्या पावली परत करावा.

४. शिलाई मशीन जाऊला ठेवणार होते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. शिवाय पुतण्या तिचाच मुलगा. मी म्हटलं, "तू सही करू नकोस. घरात भांडण होईल."

ती म्हणाली, "होऊ दे. ताई, मशीन नको मला. पेन द्या."

मशीनही चिमणीच्या मुलीला.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: १. धाकटी जाऊ, टेलिफोन ऑपरेटर (‘माजी’ तिने खोडलं). २. डॉक्टर.
स्थळ: वकीलबाईंची कचेरी
दिनांक: ११ मार्च, युद्ध संपल्याला चव्वेचाळीस वर्षे