डावीकडची पट्टी

४ मार्च
चि. ठोंब्यास,
चिडलेल्या ताईचे अनेक आशीर्वाद.

भांडून गाडी घेऊन गेलास, त्याला आठवडा झाला. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. राग खुशाल धर, पण गाडी हलवू नकोस. बाबांनी अकरा वर्षं खपून जुन्या स्पोर्ट्स कारची ही नक्कल उभी केली. पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा आर्म चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेला असतो तिथला पत्रा फाटायला लागला, म्हणून आम्ही दोन्हीकडे जाड पट्ट्या लावायला घेतल्या. आमची रीत तुला ठाऊक आहे. बाबा पट्टी जागेवर बसावी म्हणून वेल्डिंगचे नुसते चार टाके मारून खडूने फुली करत. पक्कं वेल्डिंग मी करायचं आणि मगच फुली पुसायची. उजवी मी पुरी केली. डावी राहिली ती राहिलीच, कारण बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आलं आणि पाठोपाठ नजरच गेली. फुली दिसली नाही म्हणून तू रंग मारलास. ती कुणी पुसली, देव जाणे. चार टाक्यांवर पोरांना घेऊन घाट उतरणार आहेस का?

लोभ नसला तरी चालेल, उत्तर हवं.
ताई

९ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय. गाडी परत मिळवायचा हा तुझा डाव वाटला होता. तरी काल रंग खरवडला. पट्टी चारी बाजूंनी वेल्ड केलेली आहे. पण ताई, असलं वेल्डिंग मी जन्मात पाहिलं नाही. गोळेच्या गोळे, आणि निम्मी रेघ पट्टी सोडून भलतीकडेच. हा तुझा हात नाही. बाबांना विचार. रविवारी पोरांना फिरवायचं कबूल केलं होतं. किल्ली कपाटात टाकून कुलूप लावलंय.

लोभ आहेच, तो राहू दे.
धाकटा

१३ मार्च
चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

विचारलं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी औषधं आणायला गेले होते, तेव्हा त्यांनीच वेल्डिंग केलं आणि फुलीही पुसली. तुला गाडीची घाई होती ना. डॉक्टरांनी प्रखर उजेडाकडे बघायचं नाही म्हणून बजावलं होतं. उरलीसुरली नजर त्या वेल्डिंगच्या लखलखाटात गेली आणि आपण महिनाभर डॉक्टरांना शिव्या घातल्या.

काम कसं उतरलंय, विचारत होते. तू एकदम पक्कं म्हणालास, असं सांगितलं. आता ग्राइंडर लाव, सगळं घासून काढ आणि चांगल्या वेल्डरकडून नव्याने करून घे. बाबांना कळता कामा नये. इथे मला रडताही येत नाही; नजर गेल्यापासून त्यांना सगळं ऐकू येतं.

लोभ ठेव, त्यांच्यावर जास्त.
ताई