यावेळी खरंच

प्रिय काका,

रविवारी तुमच्या उशाशी बसून चमच्याने पाणी पाजलं, तेव्हा बोलायचं राहून गेलं, म्हणून लिहिते आहे. दादा वाचून दाखवेल. त्याला म्हणावं, मधलं काही गाळू नकोस.

आत्या बरी आहे. म्हणजे वृद्धाश्रमातल्या कॉटवर जितकं बरं असता येतं तितकी. भिंतीकडे तोंड करून झोपते. खिडकी दुसऱ्या बाईची आहे. कोर्टाच्या तारखेला मात्र पहाटे उठून वेणी घालते आणि पिशवी भरते. कपडे, चष्मा, शिवणाची कात्री. तिला वाटतं, निकाल लागला की तिथूनच थेट घरी जायचं. दुपारी मी तिला परत सोडते आणि ती पिशवी रिकामी करते. मला बघवत नाही, पण बघते. आपल्यापैकी कोणीतरी बघायला हवं.

आजोबांनी ट्रस्ट केला तो एवढ्यासाठीच ना? दुकानामागची खोली आत्याची, ती जिवंत असेपर्यंत. विश्वस्त तुम्ही, कारण थोरले तुम्ही. रंगकामापुरतं म्हणून तिला बाहेर काढलंत आणि कुलूप बदललंत. रंग अजून वाळायचा असेल.

आत्या कोर्टात गेली, मग सुरू झाल्या तुमच्या तारखा. कधी कंबर धरली, कधी वकील बदलले. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तारीख घेतलीत आणि त्याच संध्याकाळी दुकानात उभे राहून गिऱ्हाईकाला कापड फाडून देत होतात. आत्याच्या बाजूने साक्ष द्यायला एकटे बाबा होते. वाट बघता बघता तेही गेले. त्यावरही तुम्ही अर्ज दिलात: सख्खा भाऊ गेल्याने मन थाऱ्यावर नाही. तीही तारीख मिळाली.

मला कॉलेजात घालायला तुम्हीच आला होतात, आठवतं? बाबा कचरत होते, आपल्यात कोण शिकलंय एवढं. तुम्ही म्हणालात, पोरीला घाबरवू नकोस, घरात एक तरी वकील पाहिजे. मग भर उन्हात माझ्यासाठी रांगेत उभे राहिलात. कायद्यावर माझा विश्वास बसला तो त्या रांगेत. अजूनही आहे. हसू नका, ठसका लागेल.

रविवारी माझा हात धरून म्हणालात, यावेळी खरंच गं बाळा, ही एक तारीख मिळू दे, आडवी येऊ नकोस. काल तुमच्या वकिलांनी अर्ज दिला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, पुन्हा आजार? त्यांचा विश्वासच बसेना. तेव्हा आत्याची वकील म्हणून मी उभी राहिले. सांगितलं, आजार खरा आहे, मी डोळ्यांनी पाहिलाय, डॉक्टर काही आठवड्यांच्या पुढचं बोलत नाहीत. तुमच्या वतीने आलेल्या दादाने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं, की क्षणभर खाली बसावंसं वाटलं. बसले नाही. म्हटलं, म्हणूनच तारीख देऊ नका. बाबांची साक्ष राहिली, यांची राहायला नको.

बाईंनी मानलं. उद्या सकाळी कोर्टाने नेमलेले अधिकारी तुमच्या कॉटपाशी साक्ष घ्यायला येतील. प्रश्न मी विचारेन. दम लागला तर थांबू, पाणी मीच पाजेन, मग पुढचा प्रश्न. आत्याही येणार आहे, तिची पिशवी भरून झाली. हे सगळं आजच कळवते आहे, म्हणजे तयारीला वेळ मिळाला नाही असं उद्या म्हणता येणार नाही.

तुमचीच,
घरातली वकील