शनिवारचा धूर

कॅप्टन साहेब,

रशियाशी युद्ध संपलं आणि बर्फात पांढऱ्या कपड्यात दबा धरणारा तुमचा नामांकित नेमबाज, माझा नवरा वैनो, घरी आला. तुम्ही दिलेली मानाची बंदूक माझ्या पाठीमागे खुंटीला असते. पण दर शनिवारी मी वाफेच्या अंघोळीसाठी अंगणातल्या सौनाच्या खोलीत चूल पेटवायला निघाले की वैनो ओरडतो, "विझव आधी! धूर दिसला की माणूस टिपता येतो."

आज सासूबाई चिडल्या. "नाताळात तरी अंघोळ करू दे, मेल्या!" म्हणत त्यांनीच सौना पेटवली आणि नातीला घेऊन आत गेल्या.

वैनो पलंगावरची पांढरी चादर अंगाभोवती गुंडाळून बर्फात निघून गेला. मला वाटलं, रुसला.

साहेब, तेवढी बंदूक परत न्या.

आपली,
लेम्पी

ता. क. पाकीट घ्यायला आत्ता मागे वळले. खुंटी रिकामी आहे.