पलीकडचे दोन सड

सिद्धेश्वरच्या वरचा तांडा,
ता. औंढा, जि. हिंगोली
१८ फेब्रुवारी २००८

प्रिय ओमप्रकाश,

‘प्रिय’ लिहिलं ते सवयीनं. तुझ्या नावाआधी दुसरं काही लिहायला माझा हात शिकलेलाच नाही. आता डॉक्टरसाहेब म्हणायला हवं, पण ज्या माणसाला आमच्या गाईनं लाथ मारून शेणात बसवलेलं मी पाहिलंय, त्याला साहेब म्हणायला जीभ वळत नाही.

तुझी चिठ्ठी उझ्मानं आणून दिली. चार ओळी. शहाण्णव ते अठ्ठ्याण्णवच्या दुधाच्या नोंदवह्या माझ्याकडे असतील तर तिच्याजवळ द्याव्यात, विद्यापीठात जपून ठेवता येतील, आणि खाली सही. मी तो कागद दोनदा उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. दहा वर्षांनी लिहितोस तर ‘कशी आहेस’ एवढे दोन शब्द जास्तीचे लिहायचे होतेस. तेवढ्यानं शाई संपली नसती.

तुझी ही विद्यार्थिनी तीन महिने झाले आमच्याच घरी राहते. तिचे वडील शकीलभाई औंढ्याच्या बाजारात कासरे आणि घुंगरमाळा विकतात, त्यामुळे पोरगी बैलांच्या पायांतच वाढलेली. पहिल्याच संध्याकाळी पिशवी खांद्यावर असतानाच ती गोठ्यात आली. याडी धार काढत होती. उझ्मा तिच्या मागे उकिडवी बसली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “मावशी, पलीकडचे दोन सड काहून सोडून राहिल्या तुमी?” याडीचा हात थांबला. तिनं उझ्माकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा धार काढू लागली. मी दारातच उभी होते, कारण गेली सहा वर्षं याडी मला गाईखाली बसू देत नाही. मी वैरण टाकते, शेण काढते, पाणी दाखवते. धार मात्र माझ्या हातची नको. पोटच्या पोरीला असं गोठ्याच्या दारात थोपवून धरणं म्हणजे काय, हे तुमच्या कुठल्या तक्त्यात बसत असेल तर बघ.

तक्ते आमच्याकडे पुष्कळ आले बाबा. तुझ्यानंतर तर विद्यापीठांना आमच्या तांड्याची वाटच सापडली. इंजिनिअरिंगची पोरं आली, धरणात किती गाळ साचला ते दोरी सोडून मोजून गेली. कुणी विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून नेलं, ते पाणी चांगलं की वाईट हे आम्हाला अजून कळलेलं नाही. मागच्या वर्षी दोन पोरी मनाचा अभ्यास करायला आल्या होत्या. गेल्या महिन्यात किती वेळा उदास वाटलं, एक ते पाचमध्ये सांगा. शेजारच्या भागूबाईनं त्यांना विचारलं, पाचाच्या वर न्हाई का काही? मला विचारलं, जुन्या गोष्टींबद्दल अपराधी वाटतं का? मी एक म्हटलं. ती पोरगी एकावर गोल करून पुढं गेली.

तुझ्या वेळी हे सगळं नवं होतं. हिंगोली जिल्हासुद्धा झाला नव्हता तेव्हा. तू आमच्यातलाच, सेनगावकडच्या तांड्यावरचा. म्हणून तांड्याच्या मुख्यानं, रामकिशन नाईकांनी तुला घरच्यासारखं ठेवून घेतलं. बारावी झालेली तांड्यावर मी एकटीच, म्हणून मापाचं भांडं आणि नोंदवही तू माझ्या हातात दिलीस. बावीस गाई, सकाळ-संध्याकाळ. मी घरोघर फिरून दूध मापायचे आणि लिहायचे, तू दर पंधरा दिवसांनी यायचास. किती वाट बघायचे मी त्या पंधराव्या दिवसाची, ते आता लिहायला लाज वाटत नाही. तू आलास की आपण कालव्याच्या काठानं जायचो आणि तू आकड्यांची बेरीज करत बसायचास. मी तुझ्याकडे बघत बसायचे. माझी बेरीज तेव्हाच चुकली.

पलीकडच्या दोन सडांचं मी तुला आधी सांगितलं नाही, ही माझी चूक. पण सांगायचं कशाला वाटेल? आपली माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणारी. आपल्याला दुधापेक्षा बैल मोठा. खोंड तगडा व्हायला हवा, म्हणून अलीकडचे दोन सड घराचे आणि पलीकडचे दोन वासराचे. त्यांना हात लावायचा नाही. तांड्यावरच्या लेकराला हे चालायला लागायच्या आधी कळतं. तू पहिलीपासून वसतिगृहात वाढलास, तुमच्या दारात गाय कधी बांधलेली नव्हती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला वाटलं, तू तांड्याचा आहेस म्हणजे तुला ठाऊक आहे.

मग आठ महिन्यांनी पारुबाईच्या गाईचं वासरू दगावलं. पारुबाई पेंढा भरलेलं त्याचं कातडं गाईपुढे ठेवून चारही सडांची धार काढू लागली आणि वहीत त्या गाईचं दूध एकदम दुप्पट दिसायला लागलं. तू धावत आलास, मापाचं भांडं बिघडलं म्हणून. मी हसले. खूप हसले, आणि मग कालव्यावर बसून तुला सगळं नीट सांगितलं. तुझा चेहरा मला अजून आठवतो. तू पाण्यात खडे टाकत राहिलास. मग म्हणालास, “मिना, आठ महिने झालेत. आता पहिल्यापासून सुरू करायचं म्हटलं तर मार्गदर्शक मला हाकलून देतील. हे आपल्या दोघांतच राहू दे.”

आपल्या दोघांत. त्या शब्दांनी मी किती हुरळले होते, ओमप्रकाश! आपल्या दोघांत काहीतरी आहे, एवढंच मला ऐकू आलं. तरी मी वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात रोज लिहू लागले, ‘दोन सड वासराला’. पंधरा दिवसांनी तू येऊन त्यावर लाल रेघ मारलीस आणि शेजारी तुझ्या अक्षरात लिहिलंस, ‘अनावश्यक’, खाली सही. त्यानंतर मी तो शेरा लिहायचं थांबवलं, मापायचं मात्र थांबवलं नाही. आणखी वर्षभर मी अर्धं दूध पूर्ण म्हणून लिहीत राहिले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. तुझं पुस्तक लवकर संपावं आणि तू आमच्या नाईकांकडे माझं मागणं घालायला यावंस, एवढाच माझा हिशेब होता.

तू आलास तो पेढे घेऊन, डॉक्टर झाल्याचे. पुढच्या वर्षी तुझ्या लग्नाची पत्रिका आली, पोस्टानं.

पुढचं तुला वरवर ठाऊक असेल. दोन हजार साली सरकारी योजनेची माणसं आली. त्यांच्या हातातल्या कागदावर तुझ्या प्रबंधाचा आकडा होता, या भागातली गाय दिवसाला सव्वा लिटर दूध देते. अशी गाय परवडत नाही, गावठी वळू खच्ची करा, गाई संकरित करून घ्या. रामकिशन नाईक कबूल होईनात. म्हातारी माणसं म्हणाली, आमचे बैल आम्ही ठेचू देणार नाही. तेव्हा माझा बा उठून उभा राहिला. लखमा राठोड आयुष्यात कधी बैठकीत बोलला नव्हता. तो म्हणाला, “आकडा खोटा न्हाई. माझ्या पोरीनं दोन वर्सं मापून लिव्हलाय.” त्याच्या आवाजात किती अभिमान होता, ते मी मागे बायकांत बसून ऐकलं. तेव्हाच मी उठायला हवं होतं. मी उठले नाही.

सगळ्यांच्या आधी बानं आमचा वळू, हरण्या नेला. कासरा स्वतः धरला. खच्ची करायचा चिमटा बसला तेव्हा हरण्यानं मान वळवून बापाकडेच पाहिलं. अकरा वळू एका सकाळीत गेले. मग जे व्हायचं ते झालं. बुटक्या गाईंच्या पोटात थोराड वासरं वाढली, आमची कपिली तीन दिवस अडून मेली. जी वासरं जगली त्यांना वैशाखाचं ऊन सोसेना, गोचीड सोसेना. सहा महिने धापा टाकत सावलीला उभी राहायची. नांगराला लावावा असा एक खोंड तांड्यावर उरला नाही.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात पुन्हा बैठक बसली. नाईकांनी शाळेच्या मास्तरांकडून तुझ्या पुस्तकातली पानं वाचून घेतली. सव्वा लिटर म्हटल्यावर पारुबाई मधेच बोलली, सव्वा लिटर तर दोन सडांचं, बाकीच्या दोनांचं कुठं लिव्हलंय? सगळे माझ्याकडे वळले. बानं विचारलं, “मिना, तू सांगितलं न्हाईस व्हय त्याला?”

मी म्हणाले, न्हाई. सांगायचं राहून गेलं.

का म्हणाले ते आज लिहिते. अर्धं तुला वाचवायला. तुझी नोकरी नवी होती, घरात पोरगं रांगतंय असं ऐकलं होतं. आणि अर्धं मला वाचवायला. सांगितलं होतं म्हणाले असते, तर पुढचा प्रश्न आला असता की मग वर्षभर तसंच काहून लिहीत राहिलीस? त्याचं उत्तर एकच होतं, आणि ते बापासमोर, भर बैठकीत, दुसरीचा झालेल्या माणसाबद्दल मला देता आलं नसतं. विसरभोळी ठरणं त्याहून सोपं वाटलं. सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून बा माझ्या हातचं पाणी घेईना. दोन हजार चारमध्ये तो गेला. आणि त्या बैठकीच्या संध्याकाळी मी धारेची चरवी घेऊन गोठ्यात गेले, तर याडीनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

आता उझ्माचं. ती चारही सडांचं माप घेते, वासरानं प्यायलेलं दूधसुद्धा वासराला आधी आणि नंतर तोलून काढते. जुन्या रक्ताच्या पाच गाई उरल्यात, त्यांचे आकडे तुझ्या आकड्यांच्या दुप्पट येतात. तू तिला तिच्या प्रबंधातलं ते प्रकरण गाळायला सांगितलंस, हे तिनं मला रडत सांगितलं. आणि त्यानंतर आठच दिवसांनी तुला माझ्या नोंदवह्या जपून ठेवायची आठवण झाली! मी वेडी आहे, पण आता तेवढी राहिलेली नाही.

गेल्या बुधवारी मी याडीला सगळं खरं सांगितलं. वही समोर ठेवली, तुझी लाल रेघ आणि सही दाखवली. तिनं वहीला बोटसुद्धा लावलं नाही. म्हणाली, “बाप व्हता तवा तोंड शिवलं व्हतं, आता काहून बोलून राहिलीस? कागदावर काय बी लिव्हतेत. कागदानंच हरण्या गेला.” तिचं तरी काय चुकलं? माझं खोटं मी एवढं चोख बोलले की आता माझं खरं तिला पटत नाही.

म्हणून हे पत्र. वह्या तुला मिळणार नाहीत. त्या मी शुक्रवारीच उझ्माला दिल्या, तिच्या नावानं, आणि हिंगोलीत झेरॉक्स काढून एक प्रत घरी ठेवली. तेव्हा मी काही सौदा करते आहे असं समजू नकोस. तुला द्यायला माझ्याकडे आता काहीच शिल्लक नाही, आणि तुझ्या प्रबंधाचं, पदाचं जे व्हायचं ते माझ्या हातात राहिलेलं नाही. तरीही तू एकदा तांड्यावर ये. संध्याकाळी ये, धारेच्या वेळी. याडी सत्तरीला टेकली आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण तुझा आवाज ती ओळखेल. तिच्यासमोर उभा राहा आणि एवढंच सांग, मिनानं मला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. माझ्यावर प्रेम होतं की नव्हतं, ते मी कधी विचारलं नाही, आता विचारणारही नाही. ती जिवंत आहे तोवर एकदा तिनं सरकून जागा द्यावी आणि म्हणावं, बस, धार काढ. ते तिच्याकडून मिळवून देणारा माणूस या जगात तू एकटाच उरला आहेस, हेच माझं दुर्दैव.

एके काळची तुझीच,
मिना