पंपातली कॉफी

मलकापूर, शनिवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. पुण्याची गाडी उशिरा होती, म्हणून सोडायला आलेल्या भाऊजींना, ताईच्या नवऱ्याला, घेऊन स्टेशनजवळच्या एका नव्या दुकानात शिरलो. कापसाची सरकी काढायच्या जुन्या जिनिंगमध्ये आता बिअर बनते, कॉफी भाजतात. मालक पाठीवर फवारणीचा पंप अडकवून आला आणि नळीने ग्लासांत थंड कॉफी सोडायला लागला.

"पंप कोरा आहे, सर! कपाशीची थीम!"

थीम म्हणे! मूर्ख कुठला.

बीटी कपाशी फवारताना भाऊजींना मागे विषबाधा झाली होती. फवारणीच्या दिवशी ताई अजून त्यांना घास भरवते, त्यांचा हात तोंडाला लागू नये म्हणून. आणि पंप? तो गोठ्यातच टांगतात, घरात कधीच आणत नाहीत.

नळी दिसताच भाऊजी उठले आणि उभ्या पंख्याच्या मागे जाऊन थांबले.

"का उठलात, काका?" मालक हसला.

"वारं तोंडावर येऊन राह्यलं होतं."

पंप कोरा आहे हे त्यांनीही ऐकलं होतं. तरीसुद्धा फवारताना घेतात तसं वारं पाठीशी घेतलं.

मालकाला किती शिव्या घालू? ती नळी माझ्याकडे वळली तेव्हा मी ग्लास पुढे केला होता. हसत.